आधी उपयोगी पडा, मग काम मागा

शनिवारची सकाळ. बाहेर भुरभुर पाऊस, हातात चहाचा दुसरा कप, आणि मेलबॉक्स उघडला तर पहिलीच मेल: "दरमहा ३० लेख, एआयच्या मदतीने, एसईओसकट, फक्त ९,००० रुपयांत. तुमच्या ग्राहकांचा विश्वास जिंका!" म्हणजे ३०० रुपयाला एक लेख. आमच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात एवढ्यात दोन धड थाळ्या येत नाहीत, आणि हे गृहस्थ विश्वास द्यायला निघालेत :-)

मेल डिलीट केली. पण विषय डोक्यातून जाईना. कारण विश्वास या मालाचा भाव मला आता थोडाफार माहीत झालाय. स्वतःच्या खिशातून मोजलाय ना!

तर आधी थोडी पार्श्वभूमी. जून २०२३ मध्ये मी आणि माझा कॉलेजमधला रूममेट, दोघांनी चांगली चाललेली नोकरी सोडली. दोघांची मिळून बचत सहा लाख. आयडिया अशी: भोसरी, चाकण, चिंचवडच्या एमआयडीसीत अजूनही असे कितीतरी लहान कारखाने आहेत ज्यांचं बिलिंग कुणीतरी वीस वर्षांपूर्वी फॉक्सप्रोमध्ये लिहून दिलेल्या प्रोग्रॅमवर चालतं. लिहिणारा माणूस कुठे गेला कुणालाच माहीत नाही, मायक्रोसॉफ्टनं व्हिज्युअल फॉक्सप्रोचा सपोर्ट २०१५ मध्येच बंद केला, पण प्रोग्रॅम चालतोय म्हणून कुणी हात लावत नाही. अशात १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइसची मर्यादा १० कोटींवरून ५ कोटींच्या उलाढालीवर येणार होती. म्हणजे आणखी बऱ्याच लहान कारखान्यांना प्रत्येक बिल सरकारी पोर्टलवर नोंदवून त्याचा आयआरएन आणि क्यूआर कोड घ्यावा लागणार. जुना प्रोग्रॅम आणि पोर्टल यांच्यामध्ये बसणारं एक छोटं सॉफ्टवेअर आम्ही बनवलं. सॉफ्टवेअर झकास होतं. (आमच्या मते.)

पहिले चार महिने आम्ही काय केलं? फोन. मेल. व्हिजिटिंग कार्डं. गेटवर ताटकळणं. एका कंपनीचा वॉचमन आम्हाला नावानं ओळखायला लागला, मालकानं मात्र शेवटपर्यंत तोंड दाखवलं नाही. चार महिन्यांत ग्राहक: शून्य. घरी गेलो की बाबा काही बोलायचे नाहीत, फक्त जेवताना एकदा विचारायचे, "अजून किती महिने पुरतील?" या प्रश्नाचं उत्तर मला रुपये-पैशांत पाठ असायचं, तरी मी "बघू" म्हणायचो.

आता मालकांच्या बाजूनं विचार करून बघा. सत्तावीस वर्षांची दोन पोरं येतात, तुमच्या बिलिंगच्या मशीनला हात लावू म्हणतात. बिलिंग बंद पडलं तर माल गेटबाहेर जाणार नाही. ही पोरं सहा महिन्यांनी फोन उचलतील की पुन्हा नोकरीला लागलेली असतील? कोडमध्ये गडबड असेल तर ते मालकाला कसं कळणार?

अर्थशास्त्रात याला नाव आहे. जॉर्ज अ‍ॅकरलॉफनं १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक पेपर लिहिला. विकणाऱ्याला गाडीची खरी अवस्था माहीत असते, घेणाऱ्याला नसते. त्यामुळे घेणारा सगळ्याच गाड्यांना संशयानं कमी भाव देतो, चांगल्या गाडीचा मालक त्या भावात विकायला तयार होत नाही, आणि बाजारात उरतात त्या खटारा गाड्या. २००१ मध्ये त्याला स्पेन्स आणि स्टिग्लिट्झबरोबर नोबेल मिळालं. सॉफ्टवेअरचं तर याहून अवघड आहे. गाडी निदान आठवड्याभरात खटारा आहे हे कळतं. आमच्यासारख्यांचं काम बरं आहे की वाईट, हे कधीकधी विकत घेतल्यावरही वर्षभर कळत नाही. डॉक्टर, वकील, सीए, गॅरेजवाला, सगळे याच जातकुळीतले. "इंजिन खोलावं लागेल" असं गॅरेजवाला म्हणाला की आपण काय करतो? मान हलवतो!

म्हणजे आमची अडचण सॉफ्टवेअरमध्ये नव्हतीच. आम्ही खटारा नाही हे आधीच दाखवायचं कसं, ही होती. आणि "आम्ही प्रामाणिक आहोत" असं ब्रोशरवर छापून ते दाखवता येत नाही, कारण खटारावालासुद्धा तेच छापतो.

ऑक्टोबरमध्ये एका रविवारी पार्टनर म्हणाला, "आपण एक टिपण लिहू. मराठीत. ई-इन्व्हॉइस कुणाला लागू, कुणाला नाही, आणि ज्याला लागू आहे त्यानं सगळ्यात स्वस्तात काय करावं."

मी म्हटलं, चांगली आयडिया. मग त्यानं लिहिलेलं वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. त्यात पहिल्याच पानावर लिहिलं होतं की २०१७-१८ पासून कुठल्याही एका आर्थिक वर्षात तुमची पॅनवरची एकूण उलाढाल ५ कोटींच्या वर गेली नसेल तर तुम्हाला हे लागू नाही, वाचन इथेच थांबवा. उलाढाल वर असली तरी तुमची विक्री थेट साध्या गिऱ्हाइकाला असेल, तर त्या बिलांना आयआरएन लागत नाही. तुमच्याकडे टॅलीचं नवीन व्हर्जन असेल तर सोय त्यातच आहे, वेगळं काही घेऊ नका. आणि महिन्याला पन्नास-साठच बिलं निघत असतील तर पोर्टलवर एक्सेलचं साधन फुकट मिळतं, ते कसं वापरायचं ते खाली चित्रांसकट दिलंय. हे सगळं होऊन जे उरतील, म्हणजे जुना प्रोग्रॅम, भरपूर बिलं आणि प्रोग्रॅम बदलायची तयारी नाही, त्यांनीच आमच्यासारख्या कुणाकडे तरी जावं.

"अरे वेड लागलंय का तुला?" मी ओरडलोच. "शंभरातल्या नव्वद जणांना आपण स्वतःच हाकलून देतोय!"

"ते नव्वद जण तसेही आपले नव्हते," तो म्हणाला. "आपण त्यांच्या गेटवर उगाच पेट्रोल जाळत होतो."

भांडण दोन दिवस चाललं. शेवटी बँकेतला आकडा बघून मी गप्प बसलो. गमावण्यासारखं उरलं होतंच काय?

टिपण गेलं. पुढे काय झालं ते सांगतो, आणि वाढवून सांगत नाही. आठवडाभर काहीच झालं नाही. मग फोन यायला लागले, पण मालकांचे नाही, अकाउंट्स बघणाऱ्या मॅडमचे आणि सीएच्या ऑफिसातल्या आर्टिकलशिपवाल्या पोरांचे. "तुम्ही लिहिलंय तसं केलं, पण पोर्टल एरर दाखवतंय, काय करू?" आम्ही सांगायचो. फुकट. पहिला पैसे देणारा ग्राहक मिळाला जानेवारी २०२४ मध्ये. एका फाउंड्रीतल्या मॅडमनी मालकांना सांगितलं, "ही मुलं आपल्याला नको असेल तर नको म्हणून सांगतात." तेवढ्या एका वाक्यावर काम मिळालं. चार महिने गेटवर उभं राहून जे जमलं नव्हतं, ते आमच्या अनुपस्थितीत तिसऱ्याच माणसानं आमच्या वतीनं करून टाकलं.

आता ही काही आमची अक्कल नव्हे. हे फार जुनं आहे. फ्रान्समध्ये १९०० साली आंद्रे आणि एदुआर मिशेलिन या टायर विकणाऱ्या भावांनी एक छोटी लाल पुस्तिका काढली, ३५,००० प्रती, फुकट. तेव्हा अख्ख्या फ्रान्समध्ये मोटारी जेमतेम तीन हजार! पुस्तिकेत काय, तर टायर कसा बदलायचा, पेट्रोल कुठे मिळेल, मेकॅनिक कुठे आहे, मुक्काम कुठे करावा. लोक हिंडले तर टायर झिजतील, हा हिशोब अर्थात होताच. पण मोटारवाल्याला वाटेत खरोखर उपयोगी पडेल असंच त्यात होतं. आज ज्या मिशेलिन स्टारसाठी मोठमोठे शेफ जीव टाकतात तो याच टायरवाल्यांच्या पुस्तिकेचा वंशज. अमेरिकेत जॉन डीअर कंपनी १८९५ पासून 'द फरो' नावाचं शेतकऱ्यांसाठीचं मासिक काढते आहे.

आणि आपल्याकडे? किर्लोस्कर! लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर केला तेव्हा शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते, लोखंडानं जमीन नासते असा समज होता असं सांगतात. म्हणजे माल चांगला, पण विश्वास नाही. आमचीच गोष्ट, फक्त शंभर वर्षं आधीची. पुढे १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. कारखान्याचं पत्रक म्हणून निघालेली ही गोष्ट बघता बघता मराठी घराघरांत वाचलं जाणारं 'किर्लोस्कर' मासिक झाली. आमच्या आजीच्या घरी माळ्यावर जुने अंक होते. तिला ते नांगराच्या कंपनीचं मासिक आहे हे बहुधा कधी जाणवलंही नसेल, आणि माझ्या मते हीच त्याची सर्वांत मोठी पावती.

आमच्या धंद्यातलं उदाहरण हवं असेल तर डिजिटलओशन घ्या. उबंटूवर एन्जिनएक्स कसं बसवायचं, फायरवॉल कशी लावायची, हे मी त्यांच्या ट्युटोरियल्समधूनच शिकलो. त्यातली बहुतेक कुठल्याही कंपनीच्या सर्व्हरवर चालतात, त्यांचाच सर्व्हर घ्या अशी अट नाही. वर्षभर मी फुकटात शिकलो. आणि स्वतःचा पहिला सर्व्हर भाड्यानं घ्यायची वेळ आली तेव्हा मी किती कंपन्यांची तुलना केली असेल? एकाही नाही. सरळ त्यांच्याकडे गेलो.

इथे नेहमीचा प्रश्न येतो, आणि माझ्या मामानं तो विचारलाच: "सगळंच फुकट सांगून टाकलंस तर लोक पैसे कशाचे देतील?"

मामा, पुरणपोळीची कृती कुणालाही मिळते. तरी होळीच्या आदल्या दिवशी पोळ्यांच्या दुकानासमोर रांग असतेच ना? लोक माहितीचे पैसे देत नाहीत. ते वेळेचे देतात, जबाबदारीचे देतात, आणि रात्री अकरा वाजता बिल अडकलं तर फोन उचलण्याचे देतात. उलट कृती सविस्तर सांगितली की वाचणाऱ्याला दोन गोष्टी कळतात. एक, हे काम किती किचकट आहे. दोन, या माणसाला ते येतं. ज्याला वाचून स्वतःच करता येईल तो करेल, आणि करावंच. तो आपला ग्राहक नव्हताच, पण तो आपलं नाव चार ठिकाणी घेईल.

इथपर्यंत सगळं गोड गोड झालं. आता कडू भाग. तो सांगितला नाही तर हा लेख म्हणजेसुद्धा एक ब्रोशर होईल.

आमच्या एका टिपणात लिहिलं होतं की बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत ते पोर्टलवर नोंदवायची सक्ती फक्त १०० कोटींच्या वरच्यांना आहे. लिहिलं तेव्हा ते बरोबर होतं. १ एप्रिल २०२५ पासून ती सक्ती १० कोटींपासून लागू झाली. आम्हाला हे माहीत होतं. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही बदल केलाही होता. टिपण मात्र तसंच राहिलं. कामं वाढली होती, लिहायला वेळ नव्हता, "या रविवारी करू" म्हणता म्हणता दोन महिने गेले.

जूनमध्ये एका वर्कशॉपच्या मालकांचा फोन आला. आमचे ग्राहक नव्हेत, फक्त वाचक. उलाढाल १४ कोटींच्या आसपास. त्यांच्याकडचं एप्रिलअखेरचं एक बिल राहून गेलं होतं. आमचं टिपण वाचून, "आपल्याला ३० दिवसांचं बंधन नाही" म्हणून ते निवांत होते. ३६व्या दिवशी पोर्टलनं बिल नाकारलं. आणि ज्यांना ई-इन्व्हॉइस लागू आहे त्यांचं आयआरएन नसलेलं बिल कायद्याच्या लेखी बिलच नव्हे. समोरच्या मोठ्या कंपनीनं पैसे थांबवले. दोन लाख ऐंशी हजार. लहान वर्कशॉपमध्ये ही रक्कम म्हणजे काही पोरांचे पगार असतात.

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "अहो, तुमचं वाचून केलं हो मी."

हे वाक्य मला अजून अधूनमधून ऐकू येतं.

आम्ही दोघं त्याच दिवशी त्यांच्याकडे गेलो. चूक आमची आहे असं सांगितलं, त्यांच्या सीएशी बोललो, टिपण दुरुस्त केलं, आणि काय चुकलं होतं, कधी दुरुस्त केलं, हे वरच मोठ्या अक्षरात लिहिलं. त्यांच्या सीएनं पुढे तो प्रश्न मार्गी लावला, पैसे दीड महिना उशिरानं आले. ते गृहस्थ नंतर आमचे ग्राहक झाले का? नाही झाले. मी त्यांच्या जागी असतो तर मीही झालो नसतो.

त्या दिवशी मला कळलं की उपयोगी पडणारं लिहिणं हा 'मार्केटिंगचा स्वस्त मार्ग' वगैरे नाही. तो उधारीचा धंदा आहे. वाचणारा तुम्हाला विश्वास उधार देतो, आणि तुमच्या शब्दावर आपले पैसे लावतो. बिल फाडलं नाही म्हणून जबाबदारी जात नाही. उलट फुकट दिलेल्या सल्ल्यावर ना करार असतो ना वॉरंटी, म्हणून तिथे जास्तच जपावं लागतं.

आणि म्हणूनच सकाळच्या त्या मेलचा मला राग आला. एआयचा राग नाही हो, कोड लिहिताना मीही रोज वापरतो. २०२२ च्या शेवटी चॅटजीपीटी आल्यापासून नीटनेटकं, शुद्ध, मुद्देसूद लिहून मिळणं जवळपास फुकट झालंय. गंमत अशी की जी गोष्ट कुणालाही फुकट करता येते ती काहीच सिद्ध करत नाही. स्पेन्सचा मुद्दा हाच तर होता: खूण तीच, जी खोट्याला परवडत नाही. पूर्वी नुसतं व्यवस्थित लिहिलेलं असणं हीसुद्धा थोडीफार खूण होती. आता नाही. मग खोट्याला न परवडणारं उरलं काय? माझ्या मते तीन गोष्टी.

पहिली, स्वतःच्या तोट्याचं खरं सांगणं. "तुम्हाला आमची गरज नाही" हे वाक्य खटारावाला लिहू शकत नाही. अमेरिकेत मार्कस शेरिडन नावाचा पोहण्याचे तलाव बांधून देणारा एक माणूस आहे. २००८ च्या मंदीत त्याचा धंदा बुडायला आला होता. त्यानं फायबरग्लासच्या तलावाला नेमका किती खर्च येतो, त्यात दोष काय, हे उघड लिहायला सुरुवात केली. त्या धंद्यात किंमत आधी सांगायची पद्धतच नव्हती. त्या लिखाणानं त्याचा धंदा वाचवला. आपल्याकडे अजूनही "किंमत? आधी मीटिंग करू या" असंच चालतं.

दुसरी, हात काळे केल्याशिवाय कळत नाही असं काहीतरी. पोर्टलचा अमुक एरर खरं म्हणजे पिनकोड आणि राज्याचा कोड जुळत नसल्यामुळे येतो, हे स्वतः शंभर वेळा डोकं आपटल्यावर लिहिता येतं.

तिसरी, तारीख. लिहिलेलं शेवटचं कधी तपासलं ते लिहा, आणि चुकलं तर चूक खोडू नका, दुरुस्ती तिच्याशेजारी लिहा. महिन्याला ३० लेख टाकणाऱ्याला हे शक्यच नाही. वर्षाचे ३६० लेख तपासणार कोण?

हे सगळं करूनही यश मिळेलच असं मी म्हणणार नाही. आमचे आज ११ ग्राहक आहेत, त्यातले सात टिपणांमुळे आलेले, बाकीचे ओळखीनं. नोकरीत मिळायचा तेवढा पगार मी अजून घेत नाही. पण बाबांनी "किती महिने पुरतील" विचारणं बंद केलंय. परवा त्यांच्या मित्राच्या मुलाला सांगत होते, "ह्याचं वाच आधी, मग काय ते ठरव." ऐकून बरं वाटलं, आणि लगेच पोटात गोळाही आला.. त्या पोरानं वाचायच्या आत सगळं पुन्हा तपासलेलं बरं!

असो. आमची एकूण २३ टिपणं आहेत. आज त्यातली आठ तपासायची ठरली आहेत. पार्टनर अकराला येतोय, येताना वडापाव आणेल. चहा तिसरा टाकतो.